जागृत ज्वालामुखी आणि तीन टिकमार्क

(ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.)

आजची गोष्ट न्यूझीलंडची आहे, पण ती माझ्याकडे आली आमच्या घरातल्या डायनिंग टेबलावरून.

झालं असं, की मागच्या वर्षी मी आई-बाबांना बालीला घेऊन गेले. बाबा रिटायर झाले होते, माझा बोनस आला होता, सगळं जुळून आलं. निघण्याआधी एका रात्री मी फोनवर एक-एक सहल बुक करत होते. त्यात एक होती बातूर ज्वालामुखीची. पहाटे जीप येते, काळ्या लाव्हाच्या मैदानातून फिरवते, सूर्योदय दाखवते, नाश्ता देते आणि दुपारच्या आत हॉटेलवर परत सोडते. आईने खांद्यावरून डोकावून विचारलं, "हा जागृत आहे का गं?" मी म्हटलं, हो, जागृत आहे. तर आई म्हणते कशी, "मग चांगलंच की. जागृत देवस्थानाला जायला मिळणं म्हणजे नशीब लागतं."

आम्ही हसलो. हसता हसता मी 'सर्व अटी मान्य' या चौकटीत टिक केलं. तीन प्रवासी, तीन टिक. त्यातल्या दोन मी अशा माणसांच्या नावावर केल्या, ज्यांनी त्या अटी बघितल्याही नव्हत्या. खरं सांगायचं तर मीसुद्धा बघितल्या नव्हत्या. रोज ऑफिसात तेच करते, लायब्ररी इन्स्टॉल करताना लायसन्स कोण वाचतं!

झोप येईना म्हणून त्या रात्री मी ज्वालामुखीच्या सहलींबद्दल वाचत बसले, आणि पहाटे तीनपर्यंत फाकारी या एका बेटावर अडकले.

आधी उच्चार. इंग्रजीत ते 'डब्ल्यू-एच'ने लिहितात, पण माओरी भाषेत त्याचा उच्चार 'फ'च्या जवळचा होतो, म्हणून फाकारी. न्यूझीलंडच्या उत्तर बेटापासून साधारण ४८ किलोमीटर समुद्रात. कॅप्टन जेम्स कुक १७६९ साली तिथून गेला, त्याला ते लांबून पांढरं दिसलं, म्हणून त्याने नाव ठेवलं व्हाइट आयलंड. गंमत म्हणजे हा ज्वालामुखी आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. माओरी लोकांना अर्थातच माहीत होतं. त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच साधारण 'नाट्यमय ज्वालामुखी' असा होतो.

या बेटाची एक खासियत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच डोंगर येतो. फाकारीचा बहुतेक डोंगर पाण्याखाली आहे. वर दिसतो तो शेंडा, जेमतेम ३२१ मीटर. आणि एका बाजूने भिंत ढासळलेली असल्यामुळे मुखाची जमीन जवळपास समुद्राच्या पातळीला आलेली आहे. म्हणजे ज्वालामुखीच्या पोटात जायला चढायला लागतच नाही! बोटीतून उतरा, शिडी चढा, धक्क्यावर या आणि सरळ चालत क्रेटरमध्ये. गुडघे दुखणारे आजी-आजोबा जाऊ शकतात, आठवीतली मुलंही जाऊ शकतात. एका दिवसाच्या सहलीसाठी जणू ऑर्डर देऊन बनवलेली जागा.

तिथे पहिले गेले ते मात्र पर्यटक नव्हते, गंधक काढणारे कामगार होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथे गंधकाच्या खाणीचे प्रयत्न चालू होते. सप्टेंबर १९१४ मध्ये क्रेटरच्या भिंतीचा एक भाग कोसळला आणि गरम चिखल-दगडांचा लोंढा कामगारांच्या वस्तीवरून गेला. दहा माणसं गेली. मागे काय घडलं हे सांगायला कोणी उरलं नाही. सामान घेऊन बोट आली तेव्हा कळलं. जिवंत सापडलं ते एक मांजर. लोकांनी त्याला 'पीटर द ग्रेट' म्हणायला सुरुवात केली.

एवढं झाल्यावर खाण बंद झाली असेल ना? झाली, आणि १९२०च्या दशकात पुन्हा सुरू झाली. पैसा फारसा मिळेना म्हणून १९३०च्या दशकात कायमची थांबली. १९३६ मध्ये एका शेअर दलालाने हे बेट विकत घेतलं, आणि तेव्हापासून ते बटल नावाच्या एका कुटुंबाच्या मालकीचं आहे. हो, अख्खा जागृत ज्वालामुखी, खासगी मालकीचा! सातबाऱ्यावर ज्वालामुखी, असं समजा. १९५३ साली त्याला खासगी निसर्ग-राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे टूर कंपन्या आल्या, मालकांना परवान्याची फी देऊन लोकांना नेऊ लागल्या. आणि त्या सहलीतलं एक मोठं आकर्षण काय, तर गंधकाच्या कारखान्याचे गंजलेले अवशेष. शंभर वर्षांपूर्वी जिथे माणसं गाडली गेली, तिथे फोटो काढायचे आणि परत यायचं.

लगेच नाक मुरडू नका. माणूस हे फार आधीपासून करत आलाय. इटलीतल्या व्हेसुव्हियसचं बघा. १८४१ साली तिथे वेधशाळा सुरू झाली, जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा. एप्रिल १८७२ मध्ये उद्रेक झाला तेव्हा तो जवळून बघायला गेलेली माणसं मेली, त्यात मेडिकलचे विद्यार्थी होते. आणि फक्त आठ वर्षांनी, १८८० मध्ये, त्याच डोंगरावर पर्यटकांसाठी केबलने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. गिऱ्हाईक यावं म्हणून तिच्यावर गाणंसुद्धा आलं, 'फुनिकुली फुनिकुला'. पुढे ती रेल्वे थॉमस कुक कंपनीने घेतली. तीच थॉमस कुक, जिच्या टूरला आपले काका-काकू जातात. १९०६च्या उद्रेकात तिची वाट लागली, परत बांधली, १९४४च्या उद्रेकाने संपवली. तेव्हा 'सकाळी निघा, ज्वालामुखी बघा, संध्याकाळी जेवायला परत' हे पॅकेज चांगलं १४० वर्षांचं आहे.

आता फाकारीवर परत येऊ. वर्षाला दहा हजारांहून जास्त लोक बेटावर उतरत होते. बोटी सुटायच्या त्या फाकाताने नावाच्या छोट्या गावातून, आणि गावाचं अर्थकारण बऱ्यापैकी या बेटावर चालायचं. मुख्य टूर कंपनी २०१७ साली नाती आवा या तिथल्या माओरी जमातीच्या संस्थेने विकत घेतली होती. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण गोष्ट वाचताना आपण लगेच कोणीतरी लोभी खलनायक शोधायला लागतो. तिथे तसा एकच माणूस सापडत नाही. मी खूप शोधला.

२७ एप्रिल २०१६ ला रात्री फाकारीचा उद्रेक झाला. बेटावर कोणी नव्हतं, कारण रात्र होती. बस, एवढंच एक कारण. राख आणि दगडांचा लोट क्रेटरच्या तळाच्या मोठ्या भागावरून गेला, पर्यटक ज्या वाटेने चालतात त्या वाटेवरूनही गेला. आमच्या भाषेत याला 'निअर मिस' म्हणतात. प्रॉडक्शन सर्व्हर रात्री तीनला पडला, कोणी युजर नव्हता, सकाळपर्यंत उठला. अशा वेळी दोन प्रकारच्या टीम असतात. एक म्हणते, "बापरे, हे दुपारी झालं असतं तर?" दुसरी म्हणते, "वाचलो यार," आणि पुढच्या कामाला लागते. फाकारीवर काही काळाने सहली पुन्हा सुरू झाल्या.

आता थोडं विज्ञान. फाकारीवर लाव्हा वाहत येईल, आपण पळू, असं नसतं. तिथला धोका वाफेचा. खाली तापलेला खडक, वर समुद्राचं आणि पावसाचं मुरलेलं पाणी. वरचा थर कुकरच्या झाकणासारखा घट्ट बसतो. दाब वाढत राहतो, आणि एका क्षणी झाकण उडतं. पाण्याची वाफ होताना ती हजारपटीहून जास्त फुगते, आणि तेही एका झटक्यात. तिच्याबरोबर राख, दगड, आम्ल असलेला वायू. कुकर निदान शिट्टी देतो. अशा उद्रेकाआधी शिट्टी वाजेलच असं नाही.

न्यूझीलंडमध्ये ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे जिओनेट, आणि ती चांगली यंत्रणा आहे. तिची इशाऱ्याची पट्टी शून्य ते पाच. ० म्हणजे शांत, १ आणि २ म्हणजे अस्वस्थता, ३ पासून वर म्हणजे उद्रेक चालू आहे. नीट बघा, हा आकडा सांगतो तो ज्वालामुखी *आत्ता* कसा आहे ते. उद्या दुपारी काय होईल, हे सांगणं त्या आकड्याचं कामच नाही. २ वरून थेट ३ होईल तेव्हा उद्रेक झालेला असेल.

१८ नोव्हेंबर २०१९ ला जिओनेटने फाकारीचा आकडा १ वरून २ केला. सोबतच्या निवेदनाचा आशय असा होता, की नेहमीपेक्षा उद्रेकाची शक्यता जास्त असलेल्या काळात हे बेट शिरत असावं. ३ डिसेंबरला पुढचं निवेदन आलं. त्यात वाफ आणि चिखलाचे फवारे उडत असल्याची नोंद होती, पण हेही होतं, की हा प्रकार क्रेटरच्या तळ्यापलीकडे चाललाय तोवर या पातळीच्या हालचालीने तिथे येणाऱ्यांना थेट धोका नाही.

ही दोन निवेदनं मी चार-पाच वेळा वाचली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तुम्ही टूर कंपनीत बसलेले असाल, बाहेर डिसेंबरचं कडक ऊन पडलंय, सीझन चालू आहे, समोर ३८ लोकांचं बुकिंग आहे, तर तुम्हाला त्यातलं कुठलं वाक्य ऐकू येईल? शिवाय हा आकडा आधीही २ होऊन गेला होता, आणि तेव्हाही सहली चालूच होत्या. ऑन-कॉल केलेल्यांना हे लगेच कळेल. डॅशबोर्ड कायम पिवळा असेल, तर पिवळा हाच हिरवा होतो.

आता त्या ३८ लोकांकडे येऊ.

'ओव्हेशन ऑफ द सीज' हे प्रचंड जहाज सिडनीहून निघून न्यूझीलंडच्या फेरीवर होतं. सोमवार, ९ डिसेंबर २०१९ ला ते ताउरंगा बंदरात लागलं. क्रूझवर कधी गेला असाल तर माहीत असेल, प्रत्येक बंदरात दिवसभराच्या सहलींची यादी असते. किवी पक्षी बघा, गरम पाण्याचे झरे बघा, चित्रपटाचा सेट बघा. त्याच यादीत, त्याच मेनूमध्ये, ज्वालामुखी. ३८ जणांनी तो निवडला. बसने फाकाताने, तिथून बोटीने सुमारे दीड तास, हेल्मेट, गॅस मास्क, आणि आत.

साखळी मोजा. प्रवाशाने पैसे दिले क्रूझ कंपनीला. क्रूझला सहल पुरवली मधल्या एजंटने. त्याने स्थानिक व्यवस्था करणाऱ्याला सांगितलं. बोट आणि गाइड टूर कंपनीचे. जमीन मालक कुटुंबाच्या कंपनीची. धोक्याची माहिती शास्त्रीय संस्थेची. सुरक्षिततेची देखरेख सरकारी खात्याची. यातल्या प्रत्येकाला वाटलं, की तपासायचं काम आपल्या आधीच्या किंवा नंतरच्या कडीने केलेलं असणार. आमच्याकडे याला डिपेंडन्सी म्हणतात. मी तुझं पॅकेज वापरते, तू आणखी कोणाचं, तो आणखी कोणाचं, आणि तळाला एक गोष्ट असते जी कोणीच उघडून बघितलेली नसते. फरक इतकाच, की इथे तळाला ज्वालामुखी होता.

जिओनेटचे कॅमेरे क्रेटरचे फोटो दर दहा मिनिटांनी काढत होते. दुपारी दोन वाजताच्या फोटोत क्रेटरच्या तळ्याजवळ माणसं दिसतात. दोन वाजून दहा मिनिटांच्या फोटोत माणसांची एक ओळ परतीच्या वाटेवर चालताना दिसते, बारीक ठिपक्यांसारखी. दोन वाजून अकरा मिनिटांनी उद्रेक झाला.

तेव्हा बेटावर ४७ जण होते. ३८ क्रूझचे प्रवासी, त्यांचे चार गाइड, आणि हेलिकॉप्टरने आलेले चार पर्यटक व त्यांचा पायलट. राखेचा लोट सुमारे १२,००० फूट वर गेला. पण मारक होता तो जमिनीलगत पसरलेला गरम वाफेचा आणि राखेचा ढग. काही जण समुद्राच्या दिशेने धावले, काही दगडांमागे दडले. हेलिकॉप्टर पॅडवरून खाली फेकलं गेलं.

दुसऱ्या बोटीतले पर्यटक काही मिनिटांपूर्वीच बेट सोडून निघाले होते. त्यांनी मागे वळून तो ढग बघितला, फोनवर शूट केला, आणि मग त्यांची बोट परत वळली. २३ जणांना त्यांनी बोटीत घेतलं. परतीच्या त्या लांब प्रवासात मघाशी सेल्फी काढणारी माणसं भाजलेल्या अनोळखी लोकांवर पिण्याचं पाणी ओतत होती, आपले कपडे काढून त्यांना देत होती, शुद्ध हरपू नये म्हणून त्यांच्याशी बोलत होती. या भागाबद्दल मला जास्त बोलता येत नाही. नेटफ्लिक्सवर २०२२ चा माहितीपट आहे, रोरी केनेडी यांनी केलेला. त्यात वाचलेली माणसं स्वतः सांगतात. एकट्याने बघू नका.

पुन्हा उद्रेक होण्याची भीती होती. फाकाताने आणि आसपासचे खासगी पायलट मात्र स्वतःच्या जबाबदारीवर गेले. रोज पर्यटकांना आकाशातून हेच बेट दाखवणारी ही माणसं. राखेत उतरून त्यांनी जिवंत असलेल्यांना उचलून आणलं. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, सैन्याचे आठ जण संरक्षक सूट घालून बेटावर गेले आणि सहा मृतदेह घेऊन आले. दोन जण कधीच सापडले नाहीत. नाती आवांनी त्या पाण्यावर राहुई घातली. राहुई म्हणजे माओरी परंपरेतली बंदी. त्या समुद्रात मासेमारी नाही, काही नाही, मृतांचा मान म्हणून.

रुग्णालयांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाजलेल्यांवर लावायला त्वचा कमी पडणार म्हणून न्यूझीलंडने अमेरिकेतून १२ लाख चौरस सेंटिमीटर त्वचा मागवली. मी इंजिनियर आहे, एकक बदलून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. १२० चौरस मीटर. जवळजवळ १,३०० चौरस फूट. पुण्यातला ऐसपैस थ्रीबीएचके. त्या घराच्या प्रत्येक खोलीच्या फरशीवर अंथरता येईल एवढी, कोणीतरी मरताना दान केलेली त्वचा.

एकूण २२ जण गेले. काही त्या दिवशी, काही दवाखान्यात कित्येक दिवसांनी. उरलेले २५ वाचले, त्यातल्या अनेकांची आयुष्यं ऑपरेशनच्या तारखांवर मोजली जाऊ लागली.

मग प्रश्न आला जबाबदारीचा, आणि इथे ती साखळी कोर्टात उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये अपघातग्रस्ताच्या उपचाराचा खर्च सरकारी योजना करते, परदेशी माणसाचाही, पण त्या बदल्यात तिथे नुकसानभरपाईचा वैयक्तिक दावा जवळपास लावता येत नाही. म्हणून काही प्रवासी आपापल्या वकिलांकडून क्रूझ कंपनीच्या मागे परदेशी कोर्टात गेले, आणि तिथे आधी वाद झाला तो खटला कुठल्या देशात चालायचा यावर. तिकिटाच्या अटींमध्ये काय लिहिलंय यावर! त्याच अटी, ज्यांच्यावर आपण टिक करतो.

खुद्द न्यूझीलंडमध्ये, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं खातं असलेल्या वर्कसेफने नोव्हेंबर २०२० मध्ये १३ जणांवर आरोप ठेवले. त्यात टूर कंपनी होती, हेलिकॉप्टर कंपन्या होत्या, जिओनेट चालवणारी जीएनएस सायन्स ही शास्त्रीय संस्था होती, सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था होती, सहल विकणाऱ्या दोन कंपन्या होत्या, बेटाची मालक कंपनी होती आणि ती चालवणारे तीन भाऊ होते. सहा जणांनी गुन्हा कबूल केला, त्यात टूर कंपनी आणि जीएनएसही. जीएनएसची चूक पर्यटकांबाबतची नव्हती, त्यांनी कामाला लावलेल्या हेलिकॉप्टर पायलटांना धोक्याची पुरेशी कल्पना न देण्याबाबतची होती. आपत्ती संस्थेवरचा आरोप आधीच रद्द झाला. सहल विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांवरचे आरोप खटल्याच्या मध्यात रद्द झाले, तिन्ही भावांवरचेही. मालक कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दोषी ठरली. न्यायाधीशांचा मुद्दा साधा होता: २०१६च्या उद्रेकानंतर तरी कोणा तज्ज्ञाकडून धोक्याचं नीट मोजमाप करून घ्यायला हवं होतं. मार्च २०२४ मध्ये दंड आणि भरपाईचे आदेश निघाले, सगळ्यांची मिळून भरपाई १ कोटी न्यूझीलंड डॉलरच्या थोडी वर.

आणि मग फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने मालक कंपनीची शिक्षा रद्द केली. का, तर त्यांनी बेटावर जायची परवानगी दिली होती, तिथे चालणारं काम ते चालवत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल, मी वकील नाही. पण १३ मधून एक-एक नाव खोडत गेलं, की हातात काय उरतं बघा. बेट ज्यांचं, ते सुटले. तिकीट ज्यांनी विकलं, ते सुटले. आणि क्रूझ कंपनी त्या १३ जणांत नव्हतीच.

एक बदल मात्र ठोस झाला. एप्रिल २०२४ पासून न्यूझीलंडमध्ये साहसी सहली नेणाऱ्यांना नैसर्गिक धोक्यांचं मूल्यमापन करणं आणि येणाऱ्याला ते आधी नीट सांगणं, हे नियमात आलं. फाकारीवर अजूनही पर्यटक उतरवले जात नाहीत.

हे सगळं वाचून झालं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मी काय केलं असेल? इंजिनियर काय करणार, बातूरचा आकडा शोधला. इंडोनेशियाची पट्टी चार पातळ्यांची आहे. बातूर पहिल्या पातळीवर होता, त्यांच्या भाषेत 'नॉर्मल'. मला क्षणभर हायसं वाटलं. मग जपानचा ओंताके आठवला, त्याच रात्री वाचलेला. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, जेवायची वेळ, झाडांची पानं रंगलेली, शिखरावर डबे उघडून बसलेले लोक. वाफेचाच उद्रेक, आणि ६३ माणसं मृत किंवा बेपत्ता. त्या सकाळी ओंताकेचा आकडा होता १. म्हणजे 'सामान्य'. पुढच्या वर्षी जपानने काय बदललं माहितीय? आकडा तसाच ठेवला, त्याच्या पुढचा शब्द बदलला. 'सामान्य' काढून तिथे आता लिहितात, हा जागृत ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा.

इंडोनेशियाचंही सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये सुमात्रातल्या मारापीवर २४ जण गेले. तिथे आकडा २ होता आणि मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका, अशी शास्त्रज्ञांची सूचनाही होती. पण चढायचं बुकिंग घेणारी वेबसाइट वेगळ्या खात्याची होती, आणि ते बुकिंग चालू होतं.

सकाळी चहाच्या वेळी मी आई-बाबांना सगळं सांगितलं. घाबरवायचं म्हणून नाही. बातूर म्हणजे फाकारी नव्हे, आमची जीप क्रेटरमध्ये जाणार नव्हती, पायथ्याच्या जुन्या लाव्हावरच फिरणार होती. तेही सांगितलं. १९२६ च्या उद्रेकात तिथलं बातूर गाव आणि देऊळ गाडलं गेलं आणि मग लोकांनी ते वर कड्यावर हलवलं, हेही सांगितलं. आणि म्हटलं, तुमच्या नावाच्या टिक मी काढल्यात. तुम्ही ठरवा.

बाबांनी चहा संपवला. म्हणाले, "मी वर हॉटेलात बसून बघेन. तुम्ही दोघी जा. कुणीतरी बाहेर असलेलं बरं." आई म्हणाली, "मी जाणार. पण मला ते कागद वाचून दाखव आधी." मग मी अटी वाचून दाखवल्या, मराठीत अर्थ सांगत, चाळीस मिनिटं. मध्ये एका कलमावर आई म्हणाली, "म्हणजे काही झालं तर यांचा काही संबंध नाही, असंच ना?" मी म्हटलं, असंच. तिने माझा फोन घेतला आणि स्वतःच्या बोटाने टिक केलं.

त्या पहाटे जीपमधून उतरल्यावर आई काळ्या लाव्हाच्या मैदानात वाकली, एक दगड हातात घेतला, पालथा करून बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या घाटातला दगड." चुकलं नव्हतं तिचं. सह्याद्रीचा बेसाल्टही असाच सांडलेला लाव्हा आहे, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. आपण आयुष्यभर त्याच्यावरच राहतो. मी तिला हे समजावत होते तेवढ्यात फोन वाजला. बाबा. सूर्य अजून पुरता वर आला नव्हता.

"दिसताय तुम्ही दोघी," ते म्हणाले. तेवढ्या लांबून आम्ही दिसणं शक्यच नव्हतं. "निघालात का तिथून?"

चला मंडळी, आजचं एवढंच. भेटू पुढच्या भागात.